न उघडणाऱ्या फायली आणि रिना वसावे

आमच्या अक्कलकुवा तालुक्यात एक सरकारी कार्यालय आहे. कोणतं ते सांगत नाही, कारण तिथली माणसं माझ्या ओळखीची आहेत आणि पेन्शनच्या कागदांसाठी मला अजून तिथे जावं लागतं. आत शिरल्यावर डाव्या हाताला, पाण्याच्या पिंपाशेजारी एक टेबल आहे. ते रिना वसावेचं. कंत्राटी डाटा एंट्री ऑपरेटर. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवस खंड, मग पुन्हा अकरा महिने, असं करत करत तिला तिथे नऊ वर्षं झाली. माहेर मोलगीच्या वरच्या अंगाला. तिच्या पाड्यात कॉम्प्युटरची परीक्षा पास झालेली ती पहिली. नवरा गोकुळ खापर-मोलगी रस्त्यावर जीप चालवतो.

रिना चिडकी आहे. हे दुसऱ्या कोणी सांगायला नको, ती स्वतःच सांगते. पण समोरच्या माणसावर ती सहसा चिडत नाही, यंत्रांवर चिडते. प्रिंटरमध्ये कागद अडकला की त्याच्याशी भिलीत बोलते. निम्म्या कार्यालयाला ते कळत नाही आणि उरलेल्या निम्म्याला फार चांगलं कळतं.

मी सांगतोय ती गोष्ट गेल्या वर्षीच्या ऑगस्टातली. थोडी मी डोळ्यांनी पाहिली, बाकीची तिनेच सांगितली.

त्या सोमवारी सकाळी वाहरू पाडवी नावाचा पन्नाशीचा माणूस तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. डोंगरातला शेतकरी, पायात रबरी चप्पल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. सोबत त्याची मुलगी सोनम. बारावीला चांगले मार्क मिळवून तिने नर्सिंगला अर्ज केला होता. जागा मिळाली, पण जातीच्या दाखल्याची पडताळणी झाली तरच प्रवेश पक्का. पडताळणी समितीने त्रुटीपत्र पाठवलं होतं: आजोबांच्या शाळेतली १९५० पूर्वीची नोंद, सक्षम अधिकाऱ्याच्या सहीची प्रत, पंधरा दिवसांत सादर करावी. पत्र डोंगरात पोचून वाहरू इथे येईपर्यंत त्यातले पाच दिवस संपले होते.

वाहरूचा बाप खात्या एकच वर्ष शाळेत गेला होता. १९४७ साली. पायथ्याशी मामाच्या घरी राहून पहिलीत बसला, दुसऱ्या वर्षी पळून डोंगरात परत आला तो कायमचा. त्या एका वर्षाची एक ओळ शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात होती. वाहरू आधी शाळेतच गेला होता. हेडमास्तरांनी कपाटातून रजिस्टर काढलं, तर त्याला उधई, म्हणजे वाळवी, लागलेली. पुठ्ठा शाबूत होता, आतली पानं चाळणीसारखी. हेडमास्तरांनी त्याचा फोटो काढून दिला, एक पत्र दिलं आणि सांगितलं, "बारा-तेरा वर्षांमागे सगळ्या शाळांची रजिस्टरं स्कॅन झाली होती. त्याच्या सीड्या तालुक्याला असतील. तिथे रिना मॅडमला भेटा."

रिनाने कपाटाच्या तळातून एक प्लास्टिकचा डबा काढला. त्यात चार सीड्या होत्या, आणि यादीचा एक कागद. यादीप्रमाणे एकूण एक हजार एकशे त्रेचाळीस फायली. तिने बोट फिरवत वाहरूच्या बापाची शाळा शोधली, सन १९४७, फाइल क्रमांक ०४१७.

"आहे," ती म्हणाली. "दादा, बसा. पाच मिनिटांचं काम आहे."

हे वाक्य ती अजून विसरलेली नाही.

तिने सीडी घातली, सगळ्या फायली कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि ०४१७ वर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर पाटी आली की ही फाइल उघडता येत नाही, हा प्रकार या कॉम्प्युटरला ओळखता येत नाही. तिने पुन्हा केलं. तेच. शेजारची ०४१८ उघडून पाहिली. तेच. मग १, ५०, ९००. एकही उघडेना.

हेडक्लार्क उमाकांत भाऊसाहेब शेजारीच बसतात. शहादा भागातले, घरची बागायत शेती, बोलणं अहिराणी. त्यांचा कॉम्प्युटर जुना आहे. रिनाने पेनड्राइव्ह नेऊन तिथे लावला. तिथे वेगळीच पाटी आली: चित्र खराब झालेलं असावं. साहेबांच्या खोलीतला कॉम्प्युटर नवा. तिथे फाइल उघडली, पण नुसती काळी. वरपासून खालपर्यंत काळीकुट्ट. शेजारच्या कार्यालयातून एकाचा लॅपटॉप मागून आणला. तिथे हिरव्या-जांभळ्या पट्ट्या दिसल्या.

"चार मशीन आणि चार तऱ्हा!" रिना म्हणाली. "एकानं तरी दुसऱ्यासारखं करावं ना. म्हणजे निदान कळेल तरी काय झालंय."

उमाकांत भाऊसाहेबांनी चष्मा वर सरकवून फाइलचं नाव पाहिलं. "टिफ लिखेल शे ना ते? नाव बदली टाक. जेपीजी करी टाक. मन्हा भाचाना मोबाइलमा जेपीजी लगेच उघडस."

"भाऊसाहेब, नाव बदलून आतलं बदलतं का?"

"करी तं देख."

तिने करून पाहिलं. कॉम्प्युटरने आधी विचारलं, नाव बदलल्यास फाइल निकामी होऊ शकते, खात्री आहे का? तिने हो म्हटलं. नाव बदललं. फाइल उघडली नाही ती नाहीच. भाऊसाहेब म्हणाले, "आते तं नाव बी बदलनं, तरी कसाले उघडत नही?" रिना पुन्हा नाव पहिल्यासारखं करण्यात गुंतली होती आणि ओठातल्या ओठात भिली चालू झाली होती.

वाहरू हे सगळं बाकावरून बघत होता. अखेर तो उठून जवळ आला. ते दोघं भिलीतच बोलले, मी मराठीत सांगतो.

"बाई, त्याच्यात माझ्या बापाचं नाव आहे की नाही?"

"असणार, दादा."

"मग दिसत का नाही?"

"या कॉम्प्युटरला ते वाचता येत नाही."

वाहरूने साहेबांच्या दाराकडे बोट केलं. "त्या साहेबाच्या खोलीतल्याला पण नाही येत? तो तर नवा आहे."

"त्याला तर अजिबात येत नाही."

सोनम खाली मान घालून हसली. रिनालाही हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच. तिने दोघांना घरी पाठवलं. "मी बघते. तुम्ही रोज येऊ नका, मोलगीहून यायला अर्धा दिवस जातो. फोन करीन."

मंगळवारी तिने स्कॅनिंगवाल्या कंपनीचा शोध घेतला. सीडीच्या डब्यावर दोन फोन नंबर छापलेले होते. पहिला बंद. दुसरा लागला आणि एका माणसाने उचलला. ती कंपनी कधीच मिटली होती. तो माणूस आता सोलर पंप विकत होता.

"मॅडम, तेव्हा आम्ही एक वेगळी सीडी दिली होती," तो म्हणाला. "पाच सीड्यांचा सेट होता. चार फायलींच्या, पाचवी बघायच्या सॉफ्टवेअरची. ते टाकलं की सगळ्या उघडतात. त्याशिवाय नाही उघडणार."

"मग सगळीकडे उघडतील अशा फायली का नाही दिल्या?"

"तेव्हा तुमच्या कॉम्प्युटरवर उघडत होत्या, मॅडम. तुमच्याच कार्यालयाची पोच आहे आमच्याकडे." आणि मग तो म्हणाला, "शेतात बोअर आहे का तुमच्या?"

रिनाने फोन ठेवला. तो कॉम्प्युटर, ज्यावर फायली उघडत होत्या, सहा वर्षांपूर्वीच निकामी म्हणून भंगारात गेला होता. राहिली पाचवी सीडी. तिने दोन कपाटं रिकामी केली. जुन्या निवडणुकीचे तक्ते सापडले, एक बंद घड्याळ सापडलं, पोलिओचे बॅनर सापडले, सीडी नाही. शेवटी तिने सगळ्यांनाच मोठ्याने विचारलं, "सीड्यांच्या डब्यातली पाचवी सीडी कोणी नेली का?"

उमाकांत भाऊसाहेबांनी हातातला कागद तोंडापुढे धरला. मग म्हणाले, "रिना, ज्या सीडीवर काहीच लिखेल नव्हतं, ती का?"

"असेल. का?"

"मी कोरी समजनू." त्यांनी कागद बाजूला ठेवला. "ज्वारीमा पाखरं फार उतरतस. सीडी टांगी ठेवी की चकाकस, पाखरं येत नहीत. तीन वरीस व्हयनात त्या गोष्टले."

मी त्या वेळी समोरच्या बाकावर होतो. रिना उठली, पिंपातलं ग्लासभर पाणी प्यायली, परत येऊन बसली आणि म्हणाली, "घेऊन या उद्या."

भाऊसाहेबांनी खरंच आणली. बुधवारी सकाळी खिशातून रुमालात बांधलेली सीडी काढून टेबलावर ठेवली. दोरा अजून तिला तसाच होता. तीन उन्हाळे आणि तीन पावसाळे खाल्लेल्या त्या सीडीची चमक खपलीसारखी निघत होती. कॉम्प्युटरने ती घेतली, घरघर केली आणि बाहेर टाकली.

बुधवारचा उरलेला दिवस रिनाने इंटरनेटवर घालवला. फाइल पाठवा, आम्ही बदलून देतो, अशा जागा असतात. आमच्याकडच्या नेटवर एक फाइल चढायला वीस मिनिटं लागली. उत्तरादाखल एक पांढरंशुभ्र पान आलं. गुरुवारी दुसरीकडे प्रयत्न केला. तिथून आलेल्या पानावर पट्टीसारखी एक करडी रेघ होती आणि त्या रेघेखाली काही नव्हतं. दर वेळी तेवढ्यापुरतं आशेला लागायचं आणि मग फसायचं. "सरळ नाही म्हणाली असती ना फाइल, तर मीही सोडून दिलं असतं," ती मला नंतर म्हणाली. "पण ही थोडं थोडं दाखवते आणि मग तोंड फिरवते."

तिचा राग का वाढत होता ते तिने पुढे बोलता बोलता सांगितलं. तिच्या स्वतःच्या पडताळणीच्या वेळी, अठरा वर्षांपूर्वी, एका कागदासाठी तिच्या बापाने पाच फेऱ्या मारल्या होत्या. पाच वेळा डोंगर उतरला. दर वेळी टेबलाच्या पलीकडचा माणूस म्हणायचा, आज होणार नाही. "आता टेबलाच्या पलीकडे मी होते. आणि मीही तेच म्हणत होते."

शुक्रवारी तिने रजा टाकली आणि एसटीने शहाद्याला गेली. स्टँडच्या मागच्या गल्लीत हेमकांतचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हेमकांत चाळिशीचा, बारीक, बोलायला सावकाश. दुकानात उघडी पडलेली यंत्रं, एका बाजूला कुणाच्या तरी शाळेचा प्रोजेक्टर. रिनाने पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला आणि आठवडाभराची सगळी हकीकत एका दमात सांगितली. पाखरांच्या सीडीपर्यंत आली तेव्हा हेमकांतने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

त्याने आधी आपल्या नव्या लॅपटॉपवर फाइल लावली. उघडली नाही. मग कसल्या तरी दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये ती उघडून, अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक यादी बघत बसला.

"ताई, फाइल खराब नही शे," तो म्हणाला.

"मग?"

"हाई टिफ म्हणजे नुसता डबा शे. डबाले नाव एकच. पण आतमा कोनी कशी पॅकिंग करेल शे, ते बाहेरतून समजत नही. हाई पॅकिंग जुनी शे. ती तऱ्हा नवा कॉम्प्युटरसनी सोडी दिन्ही. कोनी अर्धी वाचस, कोनी काळी दखाडस, कोनी नहीच म्हनस."

"म्हणजे आत नाव आहे?"

"शे ना."

चार दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी तिला कारण सांगितलं होतं. तिला तेवढ्यानेच बरं वाटलं.

टेबलाखाली हेमकांतचा एक फार जुना कॉम्प्युटर होता. एका गिऱ्हाइकाच्या जुनाट प्रिंटरसाठी ठेवलेला. त्याने वरची धूळ फुंकली, वायर जोडली. तो सुरू व्हायला इतका वेळ लागला की तेवढ्यात चहा येऊन पिऊन झाला. पेनड्राइव्ह लावला. ०४१७ वर टिचकी मारली.

पान उघडलं. पिवळसर कागद, निळी-काळी शाई, वरती शाळेचं नाव, सन १९४७, उभ्या रेघा, बोरूच्या वळणाची अक्षरं. रिना खुर्चीवरून उठून पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली. एकोणतीस, तीस. आणि एकतिसाव्या ओळीवर अंगठा.

स्कॅन करताना कोणीतरी पान दाबून धरलं होतं. त्याचा अंगठा नखासकट, सुरकुत्यांसकट, अगदी स्वच्छ आला होता. त्याखाली नाव झाकलं होतं आणि शेजारचा जातीचा रकानाही अर्धा झाकला होता. नखाच्या वरच्या कडेला फक्त "बाज्या" एवढं दिसत होतं. बाज्या म्हणजे खात्याचा बाप.

"अख्ख्या पानात चाळीस ओळी आहेत," रिना म्हणाली, "आणि त्याला हीच सापडली?"

ती परत खुर्चीवर बसली. हेमकांतने पान मोठं करून पाहिलं, उजेड कमी-जास्त करून पाहिला. अंगठ्याखालचं अक्षर उजेडाने कसं दिसणार? मग तो म्हणाला, "ताई, नशीब," आणि माउसवरचा हात काढून घेतला.

रिना उठली नाही. पडद्यावर फायलींची यादी दिसत होती. ती यादी तिने चार दिवस इतक्या वेळा पाहिली होती की आकडे तोंडपाठ झाले होते. प्रत्येक फाइल साधारण एकाच वजनाची. ०४१७ मात्र जवळजवळ दुप्पट. हे तिला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, म्हणूनच ही उघडत नसेल. पण मग बाकीच्याही उघडत नव्हत्या.

"हेमकांतभाऊ, ही इतरांपेक्षा दुप्पट का आहे?"

"मोठं पान व्हई."

"पान तेवढंच आहे. रेघा त्याच आहेत. एकाच फाइलमध्ये दोन पानं बसतात का?"

हेमकांतने तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. चित्राच्या खाली एक बारीकसा बाण होता, दोघांच्याही लक्षात न आलेला. त्याने तो दाबला.

तेच पान पुन्हा आलं. या वेळी अंगठा नव्हता. स्कॅन करणाऱ्याला आपली चूक दिसली असणार. त्याने पान परत नीट लावून दुसऱ्यांदा स्कॅन केलं होतं आणि ते पहिल्याच्या मागे, त्याच फाइलमध्ये ठेवून दिलं होतं. एकतिसावी ओळ: खात्या बाज्या पाडवी, जात भिल्ल, जन्मगाव, दाखल तारीख. शेवटच्या रकान्यात, शाळा सोडण्याचं कारण: "गैरहजर."

रिनाने तिथूनच वाहरूला फोन लावला. डोंगरात रेंज नव्हती. तिने तीनदा लावला.

हेमकांतने फाइल बदलून, सगळीकडे उघडेल अशी करून पेनड्राइव्हवर दिली. ती घरी गेली. शनिवार-रविवार कार्यालयाला सुट्टी. सोमवारी सकाळी, म्हणजे तेराव्या दिवशी, तिने आपल्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली. लगेच उघडली. पडद्यावर अंगठा.

ती म्हणते, त्या क्षणी ती कॉम्प्युटर खिडकीतून फेकणार होती आणि खिडकीला गज नसते तर फेकलाही असता. फाइल बदलताना फक्त पहिलं पान बदललं गेलं होतं, दुसरं तिथेच राहिलं होतं. तिने हेमकांतला फोन केला. तो म्हणाला, "अरे देवा, मन्हा ध्यानमाच नही ऱ्हायनं." त्याने दुकान उघडून तो जुना कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, या वेळी दोन्ही पानांची पीडीएफ केली आणि फोनवर पाठवली. पहिल्यांदा चुकून फोटोसारखी पाठवली, तेव्हा अक्षरं धुरकट झाली. रिनाने पुन्हा फोन केला. मग त्याने नीट पाठवली. तोवर साहेब बैठकीसाठी नंदुरबारला निघून गेले होते.

मंगळवारी सकाळी साहेब यायच्या आधीपासून ती त्यांच्या दाराशी उभी होती. साहेब नवे होते, माणूस सावध. त्यांनी प्रिंट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली.

"मूळ रजिस्टर कुठाय?"

रिनाने हेडमास्तरांचं पत्र आणि उधई लागलेल्या रजिस्टराचा फोटो पुढे ठेवला.

"मग मी हे मूळ अभिलेखाशी पडताळलं असं कसं लिहू? हे कुणी आजकाल तयार केलेलं नाही कशावरून? मागे हेच माझ्या कॉम्प्युटरवर काळं दिसत होतं ना?"

"हो सर. म्हणून आता तुमच्याच कॉम्प्युटरवर दाखवते."

तिने पीडीएफ त्यांच्या पडद्यावर उघडली. पहिलं पान, अंगठ्याचं. दुसरं पान, साफ. मग तीस आणि बत्तीस क्रमांकाच्या ओळी दोन्हीकडे अक्षरशः सारख्या आहेत हे बोट ठेवून दाखवलं. एका ओळीवर शाईचा ठिपका पडला होता, तो दोन्ही पानांवर त्याच जागी होता. मग जुनी यादी पुढे केली. तिच्यावर त्या वेळच्या अधिकाऱ्याची सही होती, आणि ०४१७ समोर कंसात पुसट पेनाने लिहिलेलं होतं, पहिल्या दिवशी तिच्याही नजरेला न पडलेलं: "दोन प्रती."

साहेबांनी पडद्यावरच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. "हा असाच ठेवलाय का त्यांनी?" ते म्हणाले. "पहिलं पान काढून तरी टाकायचं."

"तेच मी शुक्रवारपासून म्हणतेय, सर."

त्यांनी सही केली. शेरा लिहिला: मूळ रजिस्टर जीर्ण, कार्यालयातील संगणकीकृत प्रतीवरून खात्री केली. उमाकांत भाऊसाहेबांनी शिक्का मारला. आणि मग, कोणी सांगितलं नसताना, ते दोन्ही प्रती स्वतः लिफाफ्यात घालून, रिनाच्या आदल्या रात्रीच्या फोनवरून आलेल्या वाहरूला स्टँडवर देऊन आले. बुधवारी, पंधराव्या दिवशी, वाहरू आणि सोनमने नंदुरबारला जाऊन लिफाफा समितीत जमा केला. ऑक्टोबरात वैधता प्रमाणपत्र आलं. सोनम आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे.

प्रमाणपत्र आल्यावर वाहरू सोनमला घेऊन कार्यालयात आला तेव्हा त्याने एक गोष्ट मागितली. बापाच्या नावाच्या त्या पानाची आणखी एक प्रत. शिक्क्याशिवाय चालेल, म्हणाला. घरी बापाचा फोटो नव्हता, कागद नव्हता, काहीच नव्हतं. रिनाने रंगीत काढून दिली. वाहरूला वाचता येत नाही. सोनमने ओळ दाखवली आणि त्याने तिथे नखाने एक बारीकशी खूण केली.

रिनाचा राग मात्र शमला नाही. बाकीच्या एक हजार एकशे बेचाळीस फायली तशाच कपाटात होत्या. उद्या दुसरा वाहरू येणार, परवा तिसरा. साहेबांकडे तिने अर्ज केला. साहेब म्हणाले, असं काही कामाच्या यादीत नाही, वेळ मिळाला तर करा. हेमकांतने तिला अख्खी यादी एकदम बदलणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर शोधून दिलं. कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर बाहेरचं काही टाकायला परवानगी नाही, म्हणून तिने घरचा जुना लॅपटॉप घेतला. दर रविवारी सकाळी स्वयंपाक आटोपून ती बसायची. बदललेली प्रत्येक फाइल उघडून बघायची, मागे दुसरं पान आहे का तेही बघायची. गोकुळ एकदा मला म्हणाला, "सर, माझ्या जीपचा हप्ता फिटेल पण हिच्या फायली संपायच्या नाहीत." पण जानेवारीत संपल्या.

सगळ्या वाचल्या असं नाही. सदतीस फायली कुठेच उघडल्या नाहीत, हेमकांतच्या त्या जुन्या कॉम्प्युटरवरही नाहीत. रिनाने त्यांची यादी केली आणि त्या त्या शाळांना फोन लावले. अठ्ठावीस पानांची मूळ रजिस्टरं अजून धड होती. ती मागवून पुन्हा स्कॅन केली. उरली नऊ पानं. त्यांचं मूळही गेलं आणि प्रतही गेली. त्या नऊ पानांवर कोणाची नावं होती ते आता कोणालाच कळणार नाही. ती यादी तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. विचारलं की सांगते, "कोणी आलं तर त्याला पहिल्याच दिवशी खरं सांगता येईल. चार दिवस फिरवायला नको."

या मार्चात कार्यालयात पुन्हा स्कॅनिंगचं काम निघालं, या वेळी जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींचं. कंत्राट देण्याआधी रिनाने साहेबांना एक पानाचं टिपण दिलं: फायली पीडीएफमध्ये हव्यात, एका फाइलमध्ये एकच पान, पान झाकलेलं नको, आणि कार्यालयातल्या तीन वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवल्याशिवाय पोच मिळणार नाही. साहेबांनी त्यातल्या दोन अटी घेतल्या. तीन कॉम्प्युटरची अट घेतली, पीडीएफची घेतली. बाकीच्या राहून गेल्या.

काम पुरं झाल्यावर कंपनीचा माणूस पोच घ्यायला आला. त्याच्या हातात पोचपावती तयार होती, सहीच्या जागी फुली मारलेली. रिनाने ती घेतली नाही. हार्ड डिस्क घेतली आणि आपल्या कॉम्प्युटरला लावली.

"मॅडम, दहा-वीस फायली बघा ना, नमुन्याला," तो म्हणाला. "चार हजार आहेत."

"माहीत आहे मला."

"सगळ्या बघायच्या म्हटल्या तर आठवडा जाईल."

"तुम्ही उद्या येता का परवा?" रिनाने विचारलं, आणि पहिली फाइल उघडली. तीच आपल्या कॉम्प्युटरवरही उघडून बघायला उमाकांत भाऊसाहेब आधीच खुर्ची सरकवून बसले होते.